नाडी बोटाने की प्रोबने?

कॅज्युअल्टीत सीपीआर चालू असताना दर दोन मिनिटांनी एक शब्द हमखास कानावर पडतो: ‘बहुतेक’. छाती दाबणारा थांबतो, एक जण गळ्यावर दोन बोटं टेकवतो, बाकीचे श्वास रोखून त्याच्याकडे पाहतात आणि तो म्हणतो, “लागतेय बहुतेक.” किंवा, “नाही लागत बहुतेक.” पुढची दोन मिनिटं छाती दाबायची की नाही, अ‍ॅड्रेनॅलिन पुन्हा द्यायचं की नाही, बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना काय सांगायचं, हे सगळं त्या ‘बहुतेक’वर ठरतं. या प्रश्नाचं बरंच नेमकं उत्तर देणारं सोनोग्राफी यंत्र बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आहे. फक्त ते ऑपरेशन थिएटरच्या किंवा क्ष-किरण विभागाच्या कुलपात असतं.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाची नाडी रुग्णालयात बोटांनी पाहण्याची पद्धत बदलायला हवी आणि मानेवर किंवा जांघेत ठेवलेला सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे यंत्राचा त्वचेवर टेकवायचा हातातला भाग, हा तिचा पर्याय आहे, हे या लेखाचं म्हणणं. प्रोब चुकीच्या जागी आणि चुकीच्या क्रमाने ठेवला तर मात्र तो बोटापेक्षा जास्त घात करतो. म्हणून ‘कसा’ हा भाग ‘का’ इतकाच महत्त्वाचा आहे.

बोटावरचा विश्वास किती पोकळ आहे ते १९९६ सालीच दिसलं होतं. जर्मनीतल्या माइन्झ इथे बायपासच्या शस्त्रक्रियेसाठी हार्ट-लंग मशीनवर असलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली. अशा रुग्णाचं रक्त यंत्र फिरवत असतं, त्यामुळे त्याला धोका न होता त्याची नाडी कधी असते, कधी नसते. आणीबाणीच्या सेवेतल्या दोनशेहून अधिक लोकांना गळ्याची नाडी तपासायला लावली. आत काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं. दहा सेकंदांत ठाम निर्णयापर्यंत पोचले ते जेमतेम १६.५ टक्के. नाडी नसलेला रुग्ण ज्यांच्या वाट्याला आला त्या ५९ जणांपैकी दहा सेकंदांत ‘नाही’ असं बरोबर सांगणारा निघाला एक. सहा जणांना तर वेळ मिळूनही नाडी नसल्याचं कळलंच नाही. आणि जिथे नाडी होती तिथे सुमारे ४५ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले.

या आणि अशा अभ्यासांमुळे २००० सालच्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसामान्य माणसासाठी नाडी तपासण्याची पायरीच काढून टाकली. माणूस बेशुद्ध आहे, नीट श्वास घेत नाही, मग छाती दाबायला लागा. तो निर्णय योग्यच होता. आपल्याकडच्या इंडियन रिससिटेशन काउन्सिलची सामान्य नागरिकांसाठीची पद्धतही याच वाटेने जाते. पण डॉक्टर-नर्ससाठी ‘दहा सेकंदांपेक्षा जास्त नको’ एवढी अट घालून तीच पायरी तशीच ठेवली गेली. डॉक्टर झाल्याने बोटांच्या टोकांची संवेदना वाढत नाही.

बोट का चुकतं, याची कारणं साधी आहेत. रक्तदाब खूप खाली गेलेला असतो आणि धमनीची भिंत पुरेशी फुगत नाही. मान जाड असते, सुजलेली असते, कधी कॉलरमध्ये अडकलेली असते. तपासणाऱ्याचं स्वतःचं हृदय मिनिटाला एकशेवीसने धडधडत असतं आणि तेच ठोके त्याच्या बोटांच्या टोकांत त्याला जाणवतात. घाईत बोट जास्त दाबलं जातं आणि आधीच मंद असलेला प्रवाह त्याखाली बंद होतो. छाती दाबणं चालू असताना जांघेत जी ‘छान नाडी’ लागते, ती पुष्कळदा धमनीची नसतेच. पोटातल्या महाशिरेला झडपा नसतात, म्हणून प्रत्येक दाबासरशी रक्ताची लाट शिरेतून उलटी जांघेपर्यंत येते. त्या लाटेवर ‘कॉम्प्रेशन चांगली होताहेत’ असा शेरा मारला जातो.

‘गळ्याची नाडी लागली म्हणजे वरचा दाब किमान साठ, जांघेची लागली म्हणजे सत्तर, मनगटाची लागली म्हणजे ऐंशी’ हा पाठ अजूनही इंटर्नना तोंडपाठ असतो. २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात वीस रुग्णांच्या धमनीत घातलेल्या, रक्तदाब थेट मोजणाऱ्या नळीवरून तो पडताळून पाहिला, तेव्हा खरा दाब बहुधा त्या आकड्यांपेक्षा कमी निघाला.

उलट दिशेची चूक अधिक गंभीर आहे. मॉनिटरवर व्यवस्थित लय दिसते, बोटाला नाडी लागत नाही, म्हणून ‘पीईए’ म्हणजे ‘विद्युत आहे, ठोका नाही’ असं लिहिलं जातं. १९९२ मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांच्या महाधमनीतला दाब थेट मोजला, तेव्हा सुमारे चाळीस टक्के जणांत हृदय प्रत्यक्षात आकुंचन पावत होतं आणि महाधमनीत नाडीची लाट होती, पण बोटापर्यंत पोचण्याइतकी ती जोरकस नव्हती. यांना ‘स्यूडो-पीईए’ म्हणतात. अशा माणसाचं हृदय थांबलेलं नाही, तो अतितीव्र शॉकमध्ये आहे. उपचारांची दिशा त्याने बदलते.

आता यंत्राकडे येऊ. २०२२ साली न्यूयॉर्क परिसरातल्या एका रुग्णालयाने चोपन्न रुग्णांच्या नाडी-तपासण्यांची तुलना धमनीतल्या नळीवरच्या दाबाशी केली. जांघेच्या धमनीवरचा डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीने रक्ताचा प्रवाह पाहण्याची पद्धत, सुमारे ९५ टक्के वेळा बरोबर ठरला, बोट सुमारे ५४ टक्के वेळा. चोपन्न टक्के म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. हा एका केंद्राचा अभ्यास आहे आणि धमनीत नळी असलेले रुग्ण निवडक असतात, हे ध्यानात ठेवूनही फरक एवढा मोठा आहे की तो दुर्लक्षून चालणार नाही.

प्रत्यक्षात हे करायचं कसं? उथळ भागासाठीचा सरळ तोंडाचा, म्हणजे लिनियर प्रोब घ्यायचा, साधारण सात ते बारा मेगाहर्ट्‌झचा. यंत्रावर खोली तीन ते चार सेंटिमीटर ठेवायची. गळ्याच्या मध्यावरच्या कंठमण्याच्या पातळीला, श्वासनलिकेच्या बाजूला प्रोब आडवा टेकवायचा. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसतात. बाहेरच्या बाजूचं मोठं, पातळ भिंतीचं, हलक्या दाबाने चपटं होणारं ते मानेची शीर. आतलं, श्वासनलिकेजवळचं, जाड चकचकीत कडांचं ते कॅरोटिड धमनी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट क्रमाची. धमनी शोधायची ती छाती दाबणं चालू असताना. दाबण्याच्या प्रत्येक झटक्याबरोबर चित्र हलतं, रंगीत डॉप्लर लावला तर सगळा पडदा लाल-निळ्या ठिपक्यांनी भरून जातो. तरी दोन वर्तुळं ओळखता येतात. प्रोब तिथेच स्थिर धरायचा, चित्र साठवण्याचं बटण बोटाखाली ठेवायचं आणि मगच टीमप्रमुखाला ‘तयार’ म्हणून सांगायचं. त्यानंतर दोन मिनिटं पूर्ण झाली की थांबायचं. बॅगने श्वास देणाऱ्यानेही त्या वेळी हात थांबवायचा, कारण फुगा दाबला की मान हलते आणि धमनी हलल्याचा भास होतो.

थांबल्यावर पहिला सेकंद-दीड सेकंद निष्कर्ष काढायचा नाही. दाबणं थांबलं तरी रक्त लगेच जागच्या जागी थबकत नाही, जास्त दाबाच्या बाजूकडून कमी दाबाच्या बाजूकडे ओसरत राहतं. त्यानंतरच्या तीन-चार सेकंदांत दोन गोष्टी पाहायच्या. धमनीचं वर्तुळ तालात फुगतं का, आणि तो ताल मॉनिटरवरच्या ठोक्यांशी जुळतो का? प्रोबने हलकासा दाब दिला तर धमनी गोल राहते की शिरेसारखी सपाट होते? गोल राहून तालात फुगणारी धमनी म्हणजे आत दाब आहे. किरकोळ दाबाने चपटी होणारी, निश्चल धमनी म्हणजे दाब नाही. पाचव्या सेकंदाला चित्र साठवायचं, हात छातीवर परत गेलेच पाहिजेत. काही शंका असेल तर साठवलेलं चित्र दाबणं चालू झाल्यावर पुन्हा पाहायचं. हे बोटाला कधीच जमणार नाही: बोटाने काय ‘पाहिलं’ ते दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही.

मानेला कॉलर असेल, मानेतल्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) टाकली जात असेल किंवा डोक्याशी श्वासनलिकेत नळी घालणाऱ्याची गर्दी असेल तर जांघेत जावं. घडीच्या खाली, कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि जननेंद्रियाच्या वरचं हाड यांच्या साधारण मध्यावर. तिथे शीर आतल्या बाजूला, धमनी बाहेरच्या. लठ्ठ रुग्णात खोली पाच-सहा सेंटिमीटर लागू शकते. डॉप्लरची लहर मोजायची असेल तर प्रोब उभा करून कोन साठ अंशांच्या आत ठेवावा लागतो. न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासात धमनीतला सर्वोच्च वेग सेकंदाला वीस सेंटिमीटर हा आकडा, वरचा दाब साठच्या पुढे आहे की नाही हे ओळखायला उपयोगी ठरला. जांघेचा एक फायदा असा की सोनोग्राफी करणारा छाती दाबणाऱ्याच्या आणि डोक्याशी असलेल्याच्या वाटेत येत नाही.

वृद्धांच्या धमन्या कॅल्शियमने ताठ झालेल्या असतात. त्या दाब असूनही फारशा फुगत नाहीत, तिथे नुसत्या डोळ्यांवर न राहता डॉप्लर लावावाच लागतो. हृदयाच्या उजव्या बाजूची झडप गळत असेल तर मानेची शीरच जोरात उडते. दाबून सपाट होते का ते पाहिलं की फसगत टळते. पेसमेकर असलेल्यात मॉनिटरवर रेघा पडत राहतात, पण हृदय उत्तर देत असतंच असं नाही. आणि शेवटच्या घुसमटलेल्या श्वासांनी गळ्याचे स्नायू हलतात, त्यालाच नाडी समजणं ही फार सोपी चूक आहे.

यंत्राच्या बाजूने चुका याहून सामान्य. बॅटरी संपलेली. बटण दाबल्यावर चालू व्हायला मिनिटभर घेणारं यंत्र, जे कोड ब्लू (हृदय बंद पडल्याचा रुग्णालयातला इशारा) झाल्यावर चालू करण्याऐवजी पहिल्या थांब्याच्या तोंडावर चालू केलं. आधीच्या डॉक्टरने पोटासाठी लावलेली सोळा सेंटिमीटरची खोली तशीच. जेलीची बाटली सापडत नाही, किंवा सापडली की छातीवर एवढी ओतली जाते की शॉक देणाऱ्या डिफिब्रिलेटरचे पॅड सरकतात आणि नीट चिकटत नाहीत. जेली मानेवर, थोडी, पॅडपासून लांब. यंत्रात ‘अरेस्ट’ नावाची एक जुळणी आधीच साठवून ठेवावी: लिनियर प्रोब, चार सेंटिमीटर, सहा सेकंदांचं चित्रण.

हे झालं मानेचं. बरीच ठिकाणं मात्र प्रोब आधी छातीवर ठेवतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. २०१७ साली बाल्टिमोरमधल्या अभ्यासात तेवीस रुग्णांचे थांबे चित्रणावरून मोजले. सोनोग्राफी न करता थांबा सरासरी १३ सेकंदांचा, सोनोग्राफी करताना २१ सेकंदांचा. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ११ विरुद्ध १७ सेकंद. सोनोग्राफीच्या विरोधात हे आकडे सतत दिले जातात, आणि दिलेच पाहिजेत. छाती दाबून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत जो दाब उभा राहतो, तो थांबताक्षणी कोसळतो आणि पुन्हा उभा करायला कितीतरी दाबण्या लागतात. वीस सेकंदांच्या थांब्याची किंमत वीस सेकंदांपुरती राहत नाही.

पण त्याच आकड्यांतली दुसरी गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. बोटाने तपासतानाही थांबा दहा सेकंदांत आटपला नव्हता. दोन्ही अभ्यासांत तो मर्यादेच्या पुढेच होता.

छातीवरचा थांबा का लांबतो? हृदय शोधायला वेळ लागतो. दाबणारे हात बाजूला झाल्याशिवाय छातीच्या डाव्या बाजूला नीट जागा मिळत नाही. मग चित्र येतं, ते सुंदर असतं, आणि खोलीतले सगळे पडद्याकडे बघत उभे राहतात. ‘जरा थांबा, अजून एक सेकंद’ हे वाक्य येतं. सेकंद मोजायला कुणी नसतं. ओकलंडच्याच चमूने यावर उपाय म्हणून एक ठरीव पद्धत बांधली: प्रत्येक थांब्यात एकच प्रश्न, प्रोब आधीच जागेवर, कुणीतरी मोठ्याने सेकंद मोजणार, निदान दाबणं सुरू झाल्यावर. तिने थांबे काही सेकंदांनी कमी झाले. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही २०२१ साली हेच सांगितलं: सोनोग्राफी निष्णात हातांनीच, प्रोब दाबणं थांबण्यापूर्वीच जागेवर, आणि तिच्यामुळे जास्तीचा थांबा नको.

छातीच्या मोहात आणखी एक धोका दडलेला आहे. हृदय हललं नाही की प्रयत्न सोडून देण्याचा. २०१६ साली अमेरिका आणि कॅनडातल्या वीस रुग्णालयांनी ७९३ रुग्णांचा अभ्यास केला. सगळ्यांच्या हृदयाची लय विजेच्या शॉकचा उपयोग होत नाही अशी. ज्यांचं हृदय पडद्यावर निश्चल होतं त्यांच्यापैकी ०.६ टक्के जगून घरी गेले, ज्यांचं हलत होतं त्यांच्यापैकी ३.८ टक्के. निश्चल हृदय वाईट लक्षण आहेच. पण ०.६ टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि ‘निश्चल’ म्हणजे काय यावर डॉक्टरांचं एकमत नाही. २०१८ साली सव्वाशेहून अधिक डॉक्टरांना त्याच चित्रफिती दाखवून ‘हृदय थांबलंय का’ विचारलं तेव्हा त्यांचं एकमत मध्यम दर्जाचंच निघालं. कुणी झडपेच्या फडफडीला हालचाल मानतं, कुणी मानत नाही; कुणी फुग्याच्या श्वासाने ढकललेल्या हृदयाला जिवंत म्हणतं. म्हणूनच अमेरिकी आणि युरोपीय सूचना या एका चित्रावर सीपीआर थांबवू नका म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

म्हणून क्रम असा असावा: आधी मान किंवा जांघ, ‘रक्त वाहतंय का’ एवढ्याच प्रश्नासाठी. छातीवरचा प्रोब नंतरच्या एखाद्या थांब्यात, आणि तोही कारण शोधायला: हृदयाभोवती पाणी साठून ते दाबलं गेलंय का, एखाद्या फुप्फुसाभोवती हवा साठून ते दबलंय का. उजवा कप्पा मोठा दिसला म्हणून लगेच फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकल्याचं ठरवू नये. हृदय बंद पडल्यावर तो कप्पा तसाही फुगतो.

मग मानेवर हलकीशी नाडी दिसते पण बोटाला लागत नाही, तेव्हा काय करायचं? इथे मतभेद आहेत आणि ते झाकायचं कारण नाही. धमनी तालात हलते याचा अर्थ मेंदूला पुरेसं रक्त मिळतंय असा होत नाही. वरचा दाब चाळीस असतानाही पडद्यावर हालचाल दिसू शकते. आमचं मत असं की ‘रक्ताभिसरण परत आलं’ ही घोषणा दृश्यमान ठोक्यावर करू नये. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा बघावा. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णात तो अचानक पस्तीस-चाळीसवर उडाला तर रक्ताभिसरण परतल्याचा मोठा पुरावा आहे. दहाच्या खाली रेंगाळला तर पडद्यावरच्या हलक्या ठोक्यावर समाधान मानू नये. त्या अवस्थेत दाबणं चालू ठेवावं, अ‍ॅड्रेनॅलिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं ड्रिप लावावं, सलाइन द्यावं, आणि रक्तस्राव, छातीत अडकलेली हवा, हृदयाभोवतीचं पाणी यांच्या मागे लागावं. सर्वांत मोठा फरक एवढाच, की असा रुग्ण ‘गेला’ म्हणून सोडला जाऊ नये.

‘कार्बन डायऑक्साइड बघता येतो तर सोनोग्राफी कशाला?’ असा प्रश्न भूलतज्ज्ञ विचारतात. उत्तर असं की तो आकडा प्रवाहाचा अप्रत्यक्ष अंदाज आहे. सोडाबायकार्ब दिलं की तो वर जातो, अ‍ॅड्रेनॅलिनने खाली येऊ शकतो, आणि नळी नीट बसेपर्यंत त्याचा भरवसा नसतो. दोन्ही हवेत. एकाने दुसऱ्याला पडताळायचं.

आता कुलपाची गोष्ट. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ साली तो आणखी कडक झाला. गरज होतीच. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. बीड जिल्ह्यात ८०७. या आकड्यांसमोर उभं राहून ‘सोनोग्राफी मोकळी करा’ असं म्हणायची कुणाची छाती होऊ नये, आणि आमचीही ती मागणी नाही.

प्रश्न इतकाच की २०१२ च्या नियमाने सहज हलवता येणारं यंत्र दोनच ठिकाणी वापरायला परवानगी दिली: जिथे त्याची नोंदणी आहे त्या जागेतच, ‘आंतररुग्णांसाठी’, किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकात. कॅज्युअल्टीच्या टेबलावर कोसळलेला माणूस अजून दाखल झालेला नसतो. तो आंतररुग्ण की बाह्यरुग्ण? नियम याचं स्पष्ट उत्तर देत नाही, आणि जिथे स्पष्टता नसते तिथे भीती राज्य करते. नोंदीत एक चूक झाली तरी यंत्र सील होईल, या धास्तीने व्यवस्थापन यंत्र थिएटरच्या खोलीत कुलूपबंद ठेवतं. रात्री अडीच वाजता किल्ली शोधणाऱ्या माणसाला दहा सेकंदांच्या गप्पा काय सांगाव्यात?

उपाय कायद्याच्या चौकटीतच आहे. ढकलगाडीवर बसवलेलं, भिंतीच्या पट्ट्याला जखडलेलं यंत्र पुनरुज्जीवन खोलीच्या पत्त्यावर नोंदवावं. त्यासोबत लिनियर आणि हृदयासाठीचा प्रोब द्यावा. गरोदरपणात वापरतात तो वक्र प्रोब द्यावाच कशाला? प्रत्येक वापराचं चित्रण यंत्रात आपोआप साठत राहावं आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना किंवा महापालिकेच्या सक्षम प्राधिकाऱ्याला ते कधीही उघडून पाहता यावं. कोल्हापुरात यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (तपासणीचं चित्रण आपोआप साठवणारं उपकरण) बसवण्याचा प्रयोग झालेला आहे. नजर ठेवण्याची तांत्रिक सोय नवीन नाही. जोडीला राज्याच्या आरोग्य विभागाने एका परिपत्रकात स्पष्ट करावं की पुनरुज्जीवन खोलीत उपचार चालू असलेला रुग्ण या नियमापुरता आंतररुग्ण समजावा, आणि हृदय बंद पडलेल्या गरोदर स्त्रीच्या मानेवर प्रोब ठेवला तर तिचा फॉर्म एफ (गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची कायद्याने सक्तीची नोंद) उपचार संपल्यावर भरला तरी चालेल. अशा स्त्रीच्या बाबतीत गर्भाशय हाताने डावीकडे सरकवून धरणं आणि काही मिनिटांत सिझेरियनचा निर्णय घेणं यालाच आधी वेळ द्यावा लागतो. कागद त्याच्या मध्ये येऊ नये.

खिशात मावणारे, मोबाइलला जोडायचे प्रोब या कामासाठी नकोत, निदान आत्ता तरी. उथळ असो की खोल, सगळीकडे एकच प्रोब चालतो, तो कुणाच्याही बॅगेत जाऊ शकतो, आणि कायद्याची जी भीती आहे ती तिथे रास्त आहे. १०८ च्या रुग्णवाहिकांबाबतही हेच. २०१४ पासून राज्यात ९३७ गाड्यांची ही सेवा सुरू झाली, डॉक्टर सोबत असतात हे तिचं वेगळेपण. पण धावत्या गाडीत मानेवर प्रोब धरून ठेवण्यापेक्षा शॉक लवकर मिळणं आणि दाबणं न थांबणं यातून जास्त जीव वाचतील. पैसा आणि प्रशिक्षण आधी तिकडे जावं.

प्रशिक्षणासाठी महागडे पुतळे लागत नाहीत. सहकाऱ्याच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधा, वरच्या दाबापेक्षा वीस-तीसने जास्त फुगवा. कोपराच्या आतल्या बाजूची धमनी प्रोबखाली निश्चल दिसेल. पट्टा हळूहळू सोडा. प्रवाह परत येतो तो क्षण पडद्यावर पाहा, आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने मनगटावर बोट ठेवून ‘आली’ कधी म्हणायचं ते ठरवावं. प्रोबला ती नाडी बोटाआधी दिसते हे पाच मिनिटांत सगळ्यांना पटतं. पट्टा दोन मिनिटांपेक्षा जास्त फुगवून ठेवायचा नाही. मानेची धमनी एकमेकांच्या गळ्यावर शोधण्याचा सराव वेगळा करायचा, घड्याळ लावून: प्रोब हातात घेतल्यापासून धमनी पडद्याच्या मध्यावर येईपर्यंत दहा सेकंद, आणि दुसरा सहकारी खांदा हलवत असताना. खांदा हलवल्याशिवाय केलेला सराव फसवा असतो.

आणि यंत्र कॅज्युअल्टीत आणण्याआधी एक महिना फक्त थांबे मोजावेत. बहुतेक नव्या डिफिब्रिलेटरमध्ये ही नोंद आपोआप होते. नसेल तर एका नर्सच्या हातात स्टॉपवॉच आणि एक चिठ्ठी. थांबा कितव्या मिनिटाला, किती सेकंद, नाडी कुणी आणि कशाने पाहिली, निर्णय काय झाला. नावं लिहायची नाहीत. महिन्याच्या शेवटी ही यादी पाळीतल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवायची, आणि यंत्र आल्यावर पुढचे तीन महिने तीच चिठ्ठी चालू ठेवायची. प्रोब आल्यावर थांबे लांबलेले दिसले, तर तो परत कपाटात ठेवून आधी सराव करायचा.